इन्डेम्निटी पॉलिसी घेताना: प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या डॉक्टरांसाठी

मी मिरजेत फ्रीलान्स भूलतज्ज्ञ आहे. सकाळी एका नर्सिंग होममध्ये सिझर, दुपारी दुसरीकडे हाडांची केस, रात्री तिसरीकडून अपेंडिक्सचा फोन, असं आमचं काम. स्वतःचं हॉस्पिटल नाही, स्वतःचे पेशंट नाहीत, पण तक्रार झाली की सामनेवाल्यांच्या यादीत सर्जनच्या खालोखाल आमचंच नाव असतं. त्यामुळे इन्डेम्निटीचे, म्हणजे उपचारातल्या चुकीबद्दल मागितलेल्या भरपाईच्या विम्याचे, कागद मला बारकाईने वाचावे लागले. नवे डॉक्टर पॉलिसी काढायच्या आधी फोन करतात, तेव्हा त्यांना जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

'एवढ्याशा ओपीडीवर कोण केस करणार?' असं वाटत असेल तर आधी कायदा बघा. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात ठरवलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात आपल्याला थेट लागणाऱ्या दोन गोष्टी बदलल्या. तक्रार जिल्हा आयोगात, राज्य आयोगात की राष्ट्रीय आयोगात हे आता पेशंटने मोजलेल्या पैशांवर ठरतं. भरपाई किती मागितली त्याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. म्हणजे ५०० रुपयांच्या फीवरून जिल्हा आयोगात एक कोटी रुपये मागता येतात. शिवाय तक्रारदार स्वतः राहतो तिथल्या आयोगात जाऊ शकतो. मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातले पेशंट भरपूर, त्यामुळे ऑपरेशन इथलं आणि तारीख बेळगाव-विजापूरची, असं होऊ शकतं. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, आणि उशिराचं कारण आयोगाला पटलं तर त्यानंतरही तक्रार दाखल होते.

१. तुमचं काम नक्की काय, ते आधी कागदावर उतरवा

एजंटला फोन करण्यापूर्वी हे काम करा. बसून लिहा: पदवी कोणती, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे काय काय नोंदलेलं आहे, कुठे कुठे काम करता, कोणत्या प्रोसिजर करता, फोनवर किंवा व्हिडिओवर पेशंट तपासता का, हाताखाली कोण आहे.

हे एवढं तपशिलात कशासाठी? कारण पॉलिसी 'डॉक्टर' म्हणून मिळत नाही, ठरावीक कामासाठी मिळते. कंपन्या ढोबळमानाने गट पाडतात. फक्त ओपीडी बघणारा फॅमिली डॉक्टर सगळ्यात खालच्या हप्त्यात, त्यावर फिजिशियन, मग ऑपरेशन करणारे. सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन यांचा हप्ता सगळ्यात जास्त. हप्ता कमी बसावा म्हणून खालच्या गटात नाव घालून देणारे एजंट आहेत. माझ्या एका भूलतज्ज्ञ मित्राच्या शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, 'स्पेशालिटी: फिजिशियन' छापून आलं होतं. डिग्री एमडी, म्हणून कुणीतरी ऑफिसात बसून ठोकून दिलं. त्याने वेळेत वाचलं आणि दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेला बदलाचा कागद, करून घेतलं. न वाचता फाइलला लावलं असतं, तर स्पायनलनंतरच्या (पाठीतून दिलेल्या भुलेनंतरच्या) क्लेमला कंपनीने पहिला प्रश्न हाच विचारला असता.

तुम्ही भूलतज्ज्ञ असून आयसीयू सांभाळत असाल, पेन क्लिनिक चालवत असाल, तर ते स्वतंत्र लिहून घ्या. फिजिशियन एन्डोस्कोपी करत असेल, स्त्रीरोगतज्ज्ञ लॅपरोस्कोपी किंवा आयव्हीएफ करत असेल, त्वचारोगतज्ज्ञ लेझर वापरत असेल, तर तेही. टेलिमेडिसिनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२० मध्ये आली. तुमच्या पॉलिसीत ते काम धरलेलं आहे की नाही, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या.

पदव्युत्तर डिग्री मिळाली पण ती कौन्सिलकडे जादा पात्रता म्हणून नोंदवायची राहिली, असे बरेच जण असतात. पॉलिसीआधी ते उरका. कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, त्याची तारीखही बघा. नोंदणी संपलेल्या काळातली घटना असेल तर पॉलिसी असून नसल्यासारखी.

बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांनी इथे जास्त काळजी घ्यावी. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल हे मुंबईचं प्रकरण. त्यात होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली, आणि तेवढ्यावरूनच ते निष्काळजीपण ठरतं असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं. महाराष्ट्रात बीएएमएस डॉक्टरांसाठी आणि सीसीएमपी (आधुनिक औषधशास्त्राचा सर्टिफिकेट कोर्स) केलेल्या होमिओपॅथ डॉक्टरांसाठी राज्याच्या वेगळ्या तरतुदी आहेत, त्यावर वादही चालू असतात. तुमची परवानगी कशावर आधारलेली आहे ते प्रपोजलमध्ये स्पष्ट लिहा आणि त्या कामाला संरक्षण आहे असं पॉलिसीवर येऊ द्या. 'सगळे करतात, काही होत नाही' हे एजंटचं वाक्य क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

२. हॉस्पिटलची पॉलिसी म्हणजे तुमची पॉलिसी नाही

'आमची पॉलिसी आहे डॉक्टर, तुम्ही काळजी करू नका,' असं नर्सिंग होमचे मालक प्रेमाने सांगतात. ती असते हॉस्पिटलच्या जबाबदारीची. व्हिजिटिंग डॉक्टर त्यात आहे की नाही हे त्या पॉलिसीला जोडलेल्या यादीवर ठरतं. मालकांना चिडवायचं नसेल तर गोड बोलून यादीची झेरॉक्स मागा. नाव नसेल तर तुम्ही तिथे उघड्यावर आहात. नाव असलं तरी रक्कम सगळ्यांत मिळून एकच असते, आणि हॉस्पिटल, सर्जन, तुम्ही असे तिघे सामनेवाले झालात की तिघांचे बचाव एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतात. मला विचाराल तर फ्रीलान्स काम करणाऱ्याने स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यावीच.

पगारी डॉक्टरचं थोडं निराळं. ट्रस्टच्या किंवा कॉर्पोरेट हॉस्पिटलात कर्मचाऱ्याच्या चुकीची जबाबदारी मालकावर येते हे खरं, पण तक्रारीत तुमचं नाव घालायला कुणी अडवत नाही. नेमणुकीच्या पत्रात इन्डेम्निटीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. नोकरी सोडल्यावर जुन्या घटनेची नोटीस आली तर हॉस्पिटल तुम्हाला धरणार की नाही, हे सही करण्याआधी विचारायचं. निवासी डॉक्टरांनीही हे विचारावं, विशेषतः खासगी कॉलेजात.

उलट बाजूने, तुमचं स्वतःचं पाच-दहा खाटांचं नर्सिंग होम असेल तर फक्त डॉक्टरची पॉलिसी पुरत नाही. सिस्टरने चुकीचं इंजेक्शन दिलं, कॉटवरून पेशंट पडला, तर दावा संस्थेवर येतो. संस्थेची पॉलिसी वेगळी मिळते; तिचा हप्ता खाटा, ओपीडी-आयपीडीची वार्षिक संख्या आणि सोयी यांवर ठरतो. छोट्या गावात बऱ्याच सिस्टर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या नसतात, डॉक्टरांच्या हाताखालीच तयार झालेल्या असतात. अशा अपात्र कर्मचाऱ्यांच्या कामाचं संरक्षण मूळ पॉलिसीत धरलेलं नसतं, जादा हप्ता भरून ते जोडावं लागतं. जोडा. पण त्याने कायद्याने लागणारी पात्रता माफ होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

३. रेट्रो डेट: सगळ्यात आधी हीच विचारा

हा भाग सावकाश वाचा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

मोटारीचा अपघात झाला त्या दिवशी जी पॉलिसी चालू असेल ती पैसे देते. डॉक्टरची इन्डेम्निटी तशी चालत नाही. ती 'क्लेम्स मेड' पद्धतीची असते: दावा किंवा नोटीस ज्या काळात येते त्या काळातली पॉलिसी बघतात. आणि त्यालाही एक अट आहे. घटना पॉलिसीवर लिहिलेल्या रेट्रो डेटच्या नंतरची असली पाहिजे. रेट्रो डेट साधारणपणे तुम्ही पहिल्यांदा पॉलिसी घेतली ती तारीख असते, आणि खंड न पडता नूतनीकरण केलंत तर तीच पुढे चालत राहते.

उदाहरण घेऊ. डॉक्टरने १ एप्रिल २०२० ला पहिली पॉलिसी घेतली. जानेवारी २०२१ मध्ये एक ऑपरेशन झालं. एप्रिल २०२२ मध्ये दुसऱ्या कंपनीचा हप्ता दीड-दोन हजारांनी स्वस्त मिळाला म्हणून त्याने कंपनी बदलली. नव्या कंपनीने रेट्रो डेट टाकली १ एप्रिल २०२२. सप्टेंबर २०२२ मध्ये जानेवारी २०२१ च्या ऑपरेशनबद्दल वकिलाची नोटीस आली. जुनी कंपनी म्हणते, आमची पॉलिसी मार्चमध्ये संपली, नोटीस नंतर आली. नवी कंपनी म्हणते, घटना आमच्या रेट्रो डेटच्या आधीची. दोघांचंही कागदावर बरोबर. तीन वर्षं हप्ते भरूनही डॉक्टरच्या हातात काही नाही. नव्या पॉलिसीवर रेट्रो डेट १ एप्रिल २०२० लिहून घेतली असती तर प्रश्नच नव्हता, आणि जुन्या पॉलिसींच्या प्रती दाखवल्या की कंपन्या ती देतात.

म्हणून तीन नियम. कंपनी बदलताना आधीच्या सगळ्या पॉलिसी जोडा आणि जुनी रेट्रो डेट शेड्यूलवर छापून आल्याशिवाय पैसे भरू नका. नूतनीकरणात एक दिवसाचाही खंड नको; आरोग्य विम्यातल्या ग्रेस पीरियडची सवय इथे लावू नका. आणि हप्ता चेकने भरत असाल तर तो वटला का ते बघा, कारण विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे पैसे मिळाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. मी नूतनीकरणाचे पैसे पंधरा दिवस आधी ऑनलाइन भरतो आणि पावतीचा स्क्रीनशॉट बायकोच्या फोनवरही टाकून ठेवतो.

४. 'एक कोटीची पॉलिसी' म्हणजे नक्की किती?

एजंट आकडा सांगतो तो बहुधा वर्षभराच्या एकूण मर्यादेचा. शेड्यूलवर त्याशेजारी आणखी एक रकाना असतो: एका घटनेसाठीची मर्यादा. एका घटनेची ती एओए, वर्षाची ती एओवाय, आणि त्यांचं प्रमाण १:१, १:२, १:३ किंवा १:४. वर्षाची मर्यादा एक कोटी आणि प्रमाण १:४ असेल तर एका केसला मिळणार जास्तीत जास्त २५ लाख. प्रमाण १:१ असेल तर एकाच केसला पूर्ण कोटी वापरता येतो. १:४ चा हप्ता कमी असतो आणि ऐकायला कोटीच ऐकू येतो, म्हणून तो भरपूर विकला जातो. डॉक्टरवर एका वर्षात चार केस येणं दुर्मीळ. एकच मोठी येणं हा खरा धोका. त्यामुळे मी १:१ च्या बाजूचा आहे. १:२ च्या खाली तर जाऊच नका.

वकिलाची फी आणि कोर्टखर्च या मर्यादेच्या आत धरलेत की बाहेर, हेही विचारा. बहुतेक पॉलिसींत ते आतच असतात. आणि व्याज. आयोगात केस वर्षानुवर्षं चालते. समजा २५ लाखांची भरपाई ९ टक्के सरळव्याजाने आठ वर्षांनी द्यायची ठरली, तर १८ लाख व्याजाचे होतात, एकूण ४३. २५ लाखांच्या मर्यादेत वरचे १८ लाख तुमच्या खिशातून.

रक्कम किती घ्यावी? कोलकात्याच्या अनुराधा साहा प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळपास सहा कोटी रुपये आणि वर व्याज असा आदेश दिला होता आणि त्यातला काही भाग डॉक्टरांनी स्वतः द्यायचा होता. घाबरवण्यासाठी सगळे एजंट हेच सांगतात. तालुक्याच्या ठिकाणी ओपीडी चालवणाऱ्याला त्या आकड्याची पॉलिसी घ्यायची गरज नाही. तुमच्या टेबलावर सगळ्यात वाईट काय होऊ शकतं याचा विचार करा: कमावता, तरुण पेशंट दगावला किंवा बाळाला कायमचं अपंगत्व आलं. भरपाईचा हिशेब वय, उत्पन्न आणि मागे राहिलेली माणसं यांवर होतो. प्रसूती, भूल, नवजात बाळं, मेंदू आणि मणक्याची ऑपरेशनं यांत असाल तर एका घटनेला एक कोटीच्या खाली मी सुचवणार नाही. फक्त ओपीडी असेल तर त्याहून कमीत भागेल.

हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आरोग्यसेवा जीएसटीतून सूट असल्यामुळे त्याचं क्रेडिट मिळत नाही. कोटेशन मागताना जीएसटीसह मागा. हप्ता व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतो. अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर वेगळी वजावट मिळणार नाही, ते सीएला विचारा.

५. काय मिळत नाही, ती पानं आधी वाचा

प्रत्येक कंपनीचे शब्द वेगळे, पण या गोष्टी बहुतेक ठिकाणी बाहेर असतात:

- फौजदारी गुन्हा, दंड आणि शिक्षा. भारतीय न्याय संहितेच्या १०६ कलमाखाली नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तिचा विमा कुणी उतरवत नाही. फौजदारी केसमधल्या वकिलाचा खर्च काही पॉलिसींत जोडून मिळतो, तो आवर्जून विचारा.
- कायदा मोडून केलेलं काम. पीसीपीएनडीटीचं, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचं, प्रकरण इथे येतं, मग ते सोनोग्राफीच्या फॉर्म एफमधल्या चुकीवरून का असेना.
- दारू किंवा नशेच्या अमलाखाली केलेले उपचार.
- सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी आणि वजन कमी करण्याची औषधं. कॉस्मेटिक काम करणाऱ्यांनी हे कलम शब्दशः वाचावं.
- दवाखान्यात जनरल ॲनेस्थेशिया देऊन केलेलं दाताचं काम. दंतवैद्यांना बऱ्याच पॉलिसींत हे फक्त हॉस्पिटलात चालतं.
- 'शंभर टक्के बरं करतो' असं लिहून किंवा जाहिरातीत दिलेलं वचन.
- भारताबाहेर दाखल झालेला दावा. अमेरिकेतल्या मुलाशी व्हॉट्सॲपवर बोलून पुण्यातल्या आईला औषध सांगणं निराळं आणि अमेरिकेत बसलेल्या पेशंटला औषध लिहून देणं निराळं. दुसऱ्यापासून लांब राहा.

मेडिकल कौन्सिलपुढची सुनावणीही सगळीकडे धरलेली नसते. जमावाने काचा फोडल्या तर ते नुकसान इन्डेम्निटीत येत नाही, त्याला मालमत्तेचा वेगळा विमा लागतो.

६. कुणाकडून घ्यायची

तीन दुकानं आहेत. पहिलं, विमा कंपनी. न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल आणि नॅशनल या चार सरकारी, शिवाय खासगी. सरकारी कंपन्यांचे कागद जुन्या वळणाचे असतात आणि ऑफिसात दोनदा जावं लागतं, पण गावात शाखा असते आणि माणूस समोर भेटतो. खासगी कंपन्यांचं काम ऑनलाइन झटपट होतं आणि जोडण्या जास्त मिळतात. हप्त्याची तुलना करताना मर्यादा, प्रमाण, रेट्रो डेट आणि एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममधली तुमच्या वाट्याची रक्कम, हे चारही सारखे धरूनच करा.

दुसरं, आयएमएसारख्या संघटनांच्या योजना. यांत सभासदांच्या वर्गणीतून मदत होते, आणि मुख्य म्हणजे गावातले अनुभवी डॉक्टर आणि वैद्यकीय कायदा जाणणारे वकील पाठीशी उभे राहतात. नोटीस आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याची किंमत कळते. पण योजनेचे नियम वाचा: मदत हक्काने मिळते की समितीच्या निर्णयाने, आणि कमाल किती. मी दोन्ही ठेवतो.

तिसरं, 'मेडिकोलीगल मेंबरशिप' विकणाऱ्या खासगी संस्था. गुळगुळीत कागदाचं सर्टिफिकेट, वर मोठा आकडा, 'आमची वकिलांची फौज आहे' वगैरे. यांतल्या काहींच्या मागे खरी पॉलिसी असते, काहींच्या नुसतीच मेंबरशिप. विचारायचा प्रश्न एकच: माझ्या नावाची पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची आणि तिचा क्रमांक काय? मास्टर पॉलिसी (सगळ्या मेंबरांची मिळून एक) असेल तर मर्यादा माझी एकट्याची की सगळ्या मेंबरांत मिळून? उत्तर टाळलं तर पैसे देऊ नका. पॉलिसी क्रमांक मिळाला की कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर स्वतः फोन करून खातरजमा करा.

७. प्रपोजल फॉर्म आणि कागदपत्रं

फॉर्म स्वतः भरा. कोऱ्या फॉर्मवर सही करून एजंटच्या हातात देण्याची पद्धत फार रूढ आहे आणि क्लेम नाकारायला कंपनीला तिच्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. 'पूर्वी काही दावा, नोटीस किंवा दाव्याची शक्यता असलेली घटना?' या रकान्यात खरं लिहा. चिडलेल्या नातेवाइकांनी मागच्या महिन्यात केस पेपरच्या नकला मागितल्या असतील, तर तीही सांगण्यासारखी गोष्ट आहे. हप्ता थोडा वाढेल किंवा ती घटना वगळतील. लपवलं तर अख्खी पॉलिसी धोक्यात.

सोबत हे लागतं:

- कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, जादा पात्रतेसह, आणि नूतनीकरणाची पावती
- पदवीची प्रमाणपत्रं
- पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो
- जुन्या सगळ्या पॉलिसींच्या प्रती
- कामाच्या ठिकाणांची यादी
- नर्सिंग होम असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र, खाटांची संख्या, कर्मचाऱ्यांची नावं आणि शिक्षण
- आधीच्या दाव्यांचे कागद, असतील तर

भरलेल्या फॉर्मची सही केलेली प्रत स्वतःकडे ठेवा. ही प्रत जवळजवळ कुणाकडेच नसते.

८. पॉलिसी हातात आली की त्याच दिवशी

चहा घेऊन बसा आणि शेड्यूल वाचा. नाव कौन्सिलच्या नोंदणीप्रमाणे, नोंदणी क्रमांक बरोबर, स्पेशालिटी बरोबर, सुरुवात-शेवट तारखा, रेट्रो डेट, दोन्ही मर्यादा, एक्सेस, जोडण्या. चूक सापडली तर फोन करून थांबू नका. ईमेल करा आणि एन्डॉर्समेंट हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा. मधल्या वर्षात नवं काम सुरू केलंत, नवी जागा घेतलीत, तर तेव्हाही कळवा.

बरोबरीने तुमचे कागद सुधारा, कारण कंपनीचा वकील तुमच्या केस पेपरवरच लढणार आहे. जुन्या मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे इनडोअर पेपर तीन वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत नक्कल द्यायची. मी त्याहून बरीच जास्त वर्षं ठेवतो. बाळांच्या बाबतीत तर मुदतीचा हिशेब वेगळा लागू शकतो. संमतीपत्र पेशंटला समजेल त्या भाषेत हवं. आमच्याकडे मराठी आणि कन्नड असे दोन्ही छापून ठेवलेत. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही, आणि भुलेचं संमतीपत्र ऑपरेशनच्या संमतीपत्रापासून वेगळं. वेळ घालायला विसरू नका. टेबलावर झोपवल्यानंतरची वेळ पडलेलं संमतीपत्र समोरचा वकील पहिल्यांदा उचलतो.

९. नोटीस आली तर

पहिल्या दिवशी: पाकीट जपून ठेवा, त्यावरची पोस्टाची तारीख कामाची असते. केस पेपर ताब्यात घेऊन नक्कल करा आणि मूळ कागदावर एक अक्षरही वाढवू नका, खोडू नका. नंतर घातलेली शाई ओळखू येते आणि मग बचावण्यासारखी केसही हातची जाते.

लगेच कंपनीला लेखी कळवा, ईमेलने आणि पोचपावतीसह. वकिलाची नोटीस, पोलिसांचं पत्र, आयोगाचं समन्स, काहीही असो. नोटीस यायच्या आधीच भांडण झालं असेल, 'बघून घेतो' म्हणून गेले असतील, तर ती घटनाही पॉलिसी चालू असतानाच कळवून ठेवता येते. कंपनीने ती नोंदवून घेतली की पुढे दावा आला तरी त्या वर्षाच्या पॉलिसीत धरतात.

नातेवाइकांना काही कबूल करू नका, बिल परत करतो म्हणू नका, तडजोडीचा आकडा तोंडातून काढू नका. कंपनीच्या संमतीशिवाय केलेली तडजोड पॉलिसी मानत नाही. माणुसकीने बोला, भेटा, उपचार कसे झाले ते समजावून सांगा, पण पैशाचा विषय नाही. नोटिशीला उत्तर वकिलाच्या हातूनच जाऊ द्या. वकील कंपनीच्या पॅनलवरचा की तुमच्या पसंतीचा, हे आधीच ठरवून घ्या. तुमचा हवा असेल तर त्याच्या फीची मंजुरी लेखी घ्या.

आयोगाचं समन्स मिळालं की लेखी कैफियतीसाठी ३० दिवस आणि वर फार तर १५ दिवस मिळतात. त्यापुढे सर्वोच्च न्यायालयानेच दार बंद केलं आहे. कंपनीच्या मंजुरीची वाट बघत ही तारीख घालवू नका. वकील नेमा, कैफियत दाखल करा, मंजुरी मागून येईल. वकिलाकडून विमा कंपनीलाही केसमध्ये सामनेवाला करून घेण्याचा अर्ज द्यायला सांगा. निकाल विरोधात गेला तर जिल्हा आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगात अपिलाला ४५ दिवस असतात आणि आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ती कोण भरणार, हे निकाल लागण्याआधी कंपनीला विचारून ठेवा.

कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका.

१०. प्रॅक्टिस थांबवताना

परदेशी फेलोशिपला जाताय, बाळंतपणाची लांब रजा आहे, सरकारी नोकरीत जाताय, निवृत्त होताय: हप्ता वाचवायला बहुतेकजण नेमकी तेव्हा पॉलिसी सोडतात. पण क्लेम्स मेडचा हिशेब आठवा. शेवटच्या ऑपरेशनची नोटीस पुढची दोन वर्षं केव्हाही येऊ शकते. पॉलिसी संपल्यावर बऱ्याच कंपन्या जुन्या घटनेचे दावे कळवायला ९० दिवसांची वाढीव मुदत देतात, तीही दुसरी पॉलिसी नसेल तरच. ९० दिवस आणि दोन वर्षं यांतली फट तुम्हालाच भरायची आहे. काम थांबवल्यावरही निदान दोन-तीन वर्षं पॉलिसी चालू ठेवा. कंपनीला काम बंद असल्याचं लेखी कळवून हप्ता कमी करून मागा आणि रेट्रो डेट जुनीच राहिली आहे ना, ते नूतनीकरणाच्या प्रत्येक कागदावर बघा.